पेपर वाचणार कोण?

महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू महोदय,



फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य संशोधन-नियतकालिकांची 'केअर' यादी बंद केल्याचे जाहीर केले. कोणते संशोधन-नियतकालिक विश्वासाचे आहे हे यापुढे प्रत्येक संस्थेने स्वतः ठरवायचे, आयोग फक्त निकष सुचवणार. दिल्लीहून आलेल्या यादीत नाव शोधायचे आणि त्या पानाची प्रिंट फाइलला लावायची, ही सोय संपली. निर्णय आता आपल्या टेबलावर आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

मी एका तालुक्याच्या गावातल्या वरिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पीएच.डी. करणारे विद्यार्थी, तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण, 'कॅस' या पदोन्नती योजनेची फाइल जुळवणारे प्राध्यापक यांच्यातले बरेच जण 'पेपर कुठे पाठवू?' हे विचारायला ग्रंथालयात येतात. जे येत नाहीत त्यांच्यापर्यंत व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती पोहोचतात. आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर, दोन दिवसांत स्वीकृती, सर्व सहलेखकांना स्वतंत्र प्रमाणपत्र. मराठी कवितेपासून मृदाशास्त्रापर्यंत सगळे एकाच अंकात. पैसे यूपीआयने भरायचे. यादी बंद झाल्यानंतरही या जाहिरातींत 'यूजीसी केअर' हे शब्द ठळक अक्षरांत दिसतात, आणि ते वाचून पैसे भरणारी माणसे आपल्याच विद्यापीठांतली असतात.

हा बाजार उभा कसा राहिला ते आपण जाणताच, पण त्यातली एक गोष्ट मुद्दाम पुन्हा सांगावीशी वाटते. २०१०च्या नियमावलीने 'एपीआय' आणले आणि अध्यापकाचे संशोधन गुणांत मोजले जाऊ लागले. गुण हवेत तर पेपर हवेत, आणि इतके पेपर छापायला चांगल्या नियतकालिकांत जागा नव्हती. ती जागा इतरांनी भरली. २०१७च्या जानेवारीत आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आणली. तिच्यात तीस हजारांहून अधिक नावे होती आणि त्यांतली काही हजार नावे विद्यापीठांनी शिफारस करून पाठवलेली होती. पुढच्याच वर्षी डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिफारशींतली १,००९ नियतकालिके तपासून 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे ८८ टक्के नियतकालिके निकृष्ट ठरली. साधारण एक तृतीयांश तर पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे या प्राथमिक माहितीवरच बाद झाली. निम्म्याहून अधिकांनी खोटी माहिती दिली होती: चुकीचा आयएसएसएन, बनावट इम्पॅक्ट फॅक्टर, संशयास्पद सूचींमध्ये समावेश असल्याचे दावे. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली.

ती नावे दिल्लीने शोधली नव्हती. ती विद्यापीठांनी पाठवली होती, आणि कुणीतरी त्यांच्यावर सही केली होती. आज तोच निर्णय पुन्हा विद्यापीठांकडे आला आहे, या वेळी वर कसलीही यादी नाही. सही करणाऱ्याने ते नियतकालिक उघडून त्यातला एकतरी लेख वाचला होता का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. आता तो विचारला गेला नाही तर प्रत्येक विद्यापीठ आपापली छोटी यादी तयार करेल आणि दोन वर्षांत तीही नासेल. पैसे घेऊन परीक्षणाविना छापणाऱ्या लुटारू जर्नलांची खरी ताकद एवढीच आहे की त्यांच्यात छापलेला पेपर कुणी वाचणार नाही, फक्त मोजणार आहे, याची त्यांना खात्री असते.

२०१७च्या यादीनंतर आलेल्या 'केअर' यादीवर मनापासून मेहनत झाली होती. तिचा कक्ष पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता, आणि आधीच्या यादीपेक्षा ती कितीतरी स्वच्छ होती. पण यादी जितकी विश्वासाची, तितके तिच्यातले नाव चोरणे फायद्याचे. इथून क्लोन जर्नलांचे प्रकरण सुरू झाले. हा भाग मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण मराठी, हिंदी आणि संस्कृतात लिहिणारे संशोधक याच वाटेने सर्वाधिक फसले आहेत.

आपल्याकडची जुनी संशोधनपर नियतकालिके कशी चालतात हे ग्रंथपालाला पक्के ठाऊक असते. एखाद्या साहित्यसंस्थेची वा मंडळाची एक खोली, मानधनाविना काम करणारे संपादक, वार्षिक वर्गणी, टपालाने येणारा अंक. संकेतस्थळ नाही, असले तर कुणा उत्साही सभासदाने कधीकाळी बनवलेले. अशा नियतकालिकाचे नाव यादीत येते. मग कुणी भामटा त्याच नावाचे डोमेन विकत घेतो, तोच आयएसएसएन लावतो, जुन्या मुखपृष्ठाचे छायाचित्र टाकतो आणि लेख मागवू लागतो. गूगलवर शोधले की हेच संकेतस्थळ सर्वांत वर येते, कारण खऱ्याचे मुळी नाहीच. संशोधक पैसे भरतो, चार दिवसांत पीडीएफ मिळते, वर खरे नाव, खरा क्रमांक. छापील अंकात मात्र तो लेख नसतो. संपादकांना याची खबरही नसते. कुणीतरी 'माझा अंक पोहोचला नाही' म्हणून फोन करते तेव्हा त्यांना कळते. पीएच.डी.च्या छाननीत किंवा मुलाखतीच्या वेळी हे उघड झाले की दोष संशोधकाच्या माथी येतो.

लुटारू जर्नलांचा प्रश्न फक्त मराठीचा किंवा भारताचा नाही. २०१३ मध्ये जॉन बोहानन या विज्ञानपत्रकाराने ठळक चुका असलेला एक बनावट पेपर ३०४ नियतकालिकांना पाठवला. दगडफुलासारख्या लायकेनमधून काढलेला रेणू कर्करोगाच्या पेशी रोखतो, असा त्यातला दावा. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. पोलंडच्या संशोधकांनी २०१७ मध्ये छापलेल्या प्रयोगात अस्तित्वातच नसलेल्या एका बाईंचा अर्ज संपादकपदासाठी ३६० नियतकालिकांकडे पाठवला. ४८ नियतकालिकांनी त्यांना संपादक करून घेतले. तरीही भारताचा वाटा डोळ्यांत भरावा असाच आहे. शेन आणि ब्यॉर्क यांच्या २०१५च्या अभ्यासाच्या अंदाजानुसार अशा जर्नलांत २०१० साली ५३ हजार लेख आले होते, २०१४ साली सुमारे ४ लाख २० हजार. त्यांच्या नमुन्यातले सुमारे ३५ टक्के लेखक आणि २७ टक्के प्रकाशक भारतातले होते. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स समूहाला ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. परीक्षणाचे खोटे दावे, संमती न घेता छापलेली संपादकांची नावे, आधी न सांगितलेले शुल्क, लेख मागे घेऊ न देणे या गोष्टी त्या खटल्यात मांडल्या गेल्या. आमच्या वाचनकक्षात बसणाऱ्या मुलांच्या तक्रारी अगदी याच असतात.

नुकसान फक्त पैशांचे असते तर मी आपला वेळ घेतला नसता. कॅनडातील डेव्हिड मोहर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा जर्नलांतले जैववैद्यकाचे १,९०७ लेख तपासले. त्या संशोधनांत वीस लाखांहून अधिक माणसांची माहिती आणि आठ हजारांहून अधिक प्राणी वापरलेले होते. रुग्णालयात कुणीतरी रक्त दिले, प्रश्नावलीला उत्तरे दिली, आपल्या आजाराची माहिती संशोधकाच्या हाती सोपवली. ती अशा ठिकाणी पुरली गेली जिथे तिचे परीक्षण झाले नाही आणि कदाचित कुणी वाचलीही नाही. याच अभ्यासात निम्म्याहून अधिक लेखक सधन आणि मध्यम-सधन देशांतले होते. म्हणजे हे गरीब देशांतल्या अडाणी संशोधकांचे दुखणे आहे, ही समजूतही खोटी ठरते. आमच्या भागात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्यावर, पाणलोटावर, बोलींवर काम करणारी मुले आहेत. वर्षभर गावोगाव फिरून जमवलेली सामग्री दीड हजार रुपयांत एका पीडीएफमध्ये गाडली जाते. एकदा तिथे छापली गेली की चांगले नियतकालिक ती घेत नाही, कारण ती 'पूर्वप्रकाशित' ठरते.

संशोधक या जाळ्यात का येतात, याचे 'माहिती नसते' हे उत्तर सोयीचे आहे, पण अपुरे आहे. माहीत नसणारे असतात, विशेषतः आपल्या घराण्यात पहिल्यांदाच पदव्युत्तर शिक्षणाला पोहोचलेले. त्यांच्यासाठी कुणी सांगणारे हवे. पण माहीत असूनही पैसे भरणारे कमी नाहीत. २०१८च्या नियमावलीत सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी किमान ७ आणि प्राध्यापकाच्या भरतीसाठी किमान १० प्रकाशने लागतात. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीची यादी लावताना एका शोधनिबंधाला २ गुण आहेत. तासिकेवर वर्षानुवर्षे काढलेल्या, नेट-सेट झालेल्या तरुणाला ते दोन गुण कुठे मिळतात हे चांगले कळते. त्याला नीतीचे धडे देणे मला जमत नाही. काही मार्गदर्शकच दलालाचा क्रमांक देतात, काही जण न लिहिलेल्या पेपरवर स्वतःचे नाव पहिले घालतात. काही महाविद्यालये एकदिवसीय 'राष्ट्रीय चर्चासत्र' घेतात, आलेले सगळे निबंध विशेषांकात छापून देण्याचे आश्वासन नोंदणी शुल्कातच गुंडाळतात, आणि त्या विशेषांकाचे परीक्षण कुणी केलेले नसते. नॅकच्या अहवालात मात्र ती सगळी संख्या अभिमानाने जाते. हे सारे आपल्या विद्यापीठांच्या कक्षेत घडते आणि आपल्याला थांबवता येते.

आता तपासणीविषयी. ग्रंथालयात विद्यार्थी आला की मी त्याला कोणत्याही यादीपाशी नेत नाही. ज्या जर्नलात लेख पाठवायचा आहे त्याचे मागचे दोन अंक उघड आणि आपल्या विषयातले तीन लेख पूर्ण वाच, असे सांगतो. वाचल्यावर बहुतेकांना पुढे काही विचारावे लागत नाही. तुझ्या संदर्भसूचीत या जर्नलातला एकही लेख नसेल, तुझ्या विषयातले कुणी ते वाचत नसेल, तर तिथे छापून कुणाला सांगणार आहेस, हे मी पुढे विचारतो.

कागदपत्रांची पडताळणी त्यानंतर, आणि ती जर्नलच्या संकेतस्थळावर कधीच करायची नाही. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर तो क्रमांक टाकून शीर्षक, प्रकाशक आणि देश जुळतो का पाहायचे. हा क्रमांक म्हणजे दर्जाची मोहोर नव्हे. तो ओळखक्रमांक आहे आणि भारतात मागणाऱ्याला विनामूल्य मिळतो. डीओआय हा लेखाचा ओळखक्रमांकही दर्जाची मोहोर नव्हे. स्कोपस या निर्देश-सूचीत आहे असा दावा असेल तर स्कोपसच्या स्वतःच्या स्रोतसूचीतून जर्नलच्या पानावर जायचे आणि समावेश अजून चालू आहे की थांबला आहे तेही पाहायचे. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी देते. 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' अशी विशेषणे लावलेला कोणताही आकडा तिथेच सोडून द्यायचा. मुक्त प्रवेशाचे जर्नल असेल तर ते डीओएजे या निर्देशिकेत आहे का, आणि प्रकाशन-नीतिमत्तेसाठीच्या 'कोप' या संस्थेचे सदस्य असल्याचे बोधचिन्ह लावले असेल तर 'कोप'च्या सदस्ययादीत नाव आहे का, हे दोन मिनिटांचे काम आहे. संपादक मंडळातल्या एकाचा ईमेल त्याच्या विद्यापीठाच्या पानावरून शोधून त्याला विचारावे की आपण खरोखर या मंडळावर आहात का. लोक उत्तर देतात, आणि कधीकधी हादरून देतात. क्लोनचा संशय असेल तर छापील अंकावरच्या जुन्या दूरध्वनीवर फोन करावा. जवळच्या ग्रंथालयात तो अंक सापडतो.

दोन गैरसमज मात्र मला तितकेच धोकादायक वाटतात. शुल्क घेणारे जर्नल लुटारूच असते असे नाही. मुक्त प्रवेशाची अनेक उत्तम नियतकालिके शुल्क घेतात आणि ते आधीच स्पष्ट सांगतात. शुल्काशिवायही उत्तम प्रकाशन होते: 'करंट सायन्स' आणि बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची नियतकालिके लेखकाकडून पैसे घेत नाहीत. दुसरा गैरसमज: ज्याचे नाव स्कोपसमध्ये नाही, ज्याचे संकेतस्थळ नाही, ते नियतकालिक फालतू, हा निष्कर्ष तर मराठीच्या मुळावरच घाव घालणारा आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे 'नवभारत' किंवा मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन' यांनी मराठीत विचार घडवला तेव्हा इम्पॅक्ट फॅक्टर कुणी विचारला नव्हता. विद्यापीठांनी आता घाईने 'फक्त स्कोपस' असा फतवा काढला, तर मराठीत संशोधन लिहिण्याची वाट आपणच बंद करू. इतिहास, भाषा, लोकसाहित्य यांतले काम मग इंग्रजीत ओढूनताणून लिहिले जाईल आणि पुन्हा पैसे घेणाऱ्या एखाद्या अनोळखी जर्नलाकडेच जाईल.

म्हणून माझी पहिली मागणी निवड समित्यांबाबत आहे. उमेदवाराने आपले सर्वोत्तम तीन लेख द्यावेत आणि समितीने ते वाचून यावे. किमान संख्या नियमात आहे ती राहील, पण निवडीचा निर्णय त्या तीन लेखांवर प्रत्यक्ष प्रश्न विचारून व्हावा. हे लेख तुम्ही का लिहिलेत, परीक्षकांनी काय सुचवले, तुम्ही काय बदललेत? ज्याच्या लेखाचे परीक्षण झालेच नाही त्याला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. संशोधनाचे मूल्य जर्नलच्या आकड्यावरून ठरवू नये, हे २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को सभेतून आलेला 'डोरा' जाहीरनामा सांगतोच. त्यासाठी आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढून टाकली. तरी अनेक विभागांत ती तोंडी चालूच आहे. 'दोन पेपर आण, मग सिनॉप्सिस पाहू' असे सांगणाऱ्या मार्गदर्शकाला ही अट कोणत्या नियमात आहे हे लेखी विचारण्याची सोय विद्यार्थ्याला हवी. आणि महाविद्यालयांच्या चर्चासत्रांना अनुदान देताना 'सर्व निबंध प्रकाशित होतील' असे आश्वासन असलेला प्रस्ताव थेट परत पाठवावा.

संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी तो स्लाइड दाखवून उरकला जातो. त्यातले काही तास ग्रंथालयात, संगणकासमोर, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विषयातली खरी आणि खोटी जर्नल शेजारी उघडून घेतले पाहिजेत. त्यासाठी ग्रंथपाल लागतो. आपल्या कक्षेतल्या अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद रिकामे आहे किंवा लिपिकाकडे ग्रंथालयाच्या चाव्या आहेत. निकष आयोगाने दिले, समिती आपण नेमाल, पण पडताळणी करणारा माणूस खुर्चीत नसेल तर समिती पुन्हा न वाचताच सही करेल.

जे आधीच अडकले आहेत त्यांच्यासाठीही एक दार उघडे ठेवा. लेख पाठवून झाल्यावर शंका आलेल्या मुलीला जर्नल म्हणते, मागे घ्यायचा असेल तर आणखी पैसे भर. तिने पैसे भरू नयेत, स्वामित्वहक्काच्या कागदावर सही करू नये, माघारीचा ईमेल पाठवून त्याची प्रत जपून ठेवावी आणि पुढे दुसरीकडे लेख पाठवताना घडले ते संपादकांना स्पष्ट सांगावे. हे तिला आज कुणी सांगत नाही, कारण विचारले की आपल्यावरच ठपका येईल याची भीती असते. विद्यापीठात एक ईमेल पत्ता असावा, जिथे विद्यार्थी नाव गुप्त ठेवून दलालाचा संदेश, पावती, क्लोन संकेतस्थळाचा पत्ता पाठवू शकेल. ती माहिती विद्यापीठाने सायबर पोलिसांकडे आणि मूळ नियतकालिकाच्या संपादकांकडे पोहोचवावी. ज्याने स्वतःहून सांगितले त्याचा तो पेपर गुणांतून वजा व्हावा, पण त्याची पीएच.डी. अडवू नये. मार्गदर्शकाचे नाव त्या पेपरवर असेल तर प्रश्न मात्र मार्गदर्शकाला विचारला जावा.

शेवटची मागणी मराठी नियतकालिकांसाठी. त्यांच्या संपादकांकडे संकेतस्थळ चालवायला माणूस नाही, डीओआयचे शुल्क भरायला पैसे नाहीत. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या विभागातली दोन-तीन जुनी नियतकालिके दत्तक घ्यावीत: विद्यापीठाच्याच डोमेनखाली त्यांचे पान, प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका, परीक्षणाची पद्धत, संपादकांचा दूरध्वनी, आणि जुने अंक स्कॅन करून. खर्च एका चर्चासत्राइतकाही येणार नाही. खऱ्या नियतकालिकाचा पत्ता विद्यापीठाच्या पानावर असला की क्लोनवाल्याचे पहिले हत्यार निकामी होते. स्कॅनिंगचे काम आमच्यासारखी महाविद्यालयीन ग्रंथालये वाटून घ्यायला तयार आहेत. आमच्या कपाटांत ते अंक आहेत. कोणत्या विद्यापीठाने सुरुवात करायची एवढेच आपण ठरवा आणि कळवा.

आपला विश्वासू,
तालुक्याच्या महाविद्यालयातील एक ग्रंथपाल